पहिल्या ट्रेची चव

माझा दादा बेकरीवाला आणि मी कॅन्सरच्या पेशी पोसणारी. दोघंही सकाळी उठून दुसऱ्याच्या खाण्याची सोय बघतो, फरक एवढाच की माझी गिऱ्हाइकं पैसे देतात, असं दादा म्हणायचा. हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की त्यावर हसायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. मग त्याच्याच यकृतात गाठ निघाली आणि त्यानंतर तो विनोद त्याने केला नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्या असतात. बाटलीत गुलाबी पाणी, पाण्यात साखर आणि बाकीचं पोषण, आणि तळाला चिकटून वाढणाऱ्या यकृताच्या कॅन्सरच्या पेशी. ज्या माणसाच्या यकृतातून त्या पहिल्यांदा काढल्या तो माणूस केव्हाच गेला, पेशी मात्र अजून जेवतायत. साध्या पेशी साखर बेताने घेतात आणि शेवटपर्यंत नीट जाळतात. या बकाबका खातात, अर्धवट जाळतात आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढलं की गुलाबी पाणी पिवळं पडतं. काही बाटल्या बरेच दिवस गुलाबी राहतात, काही एका रात्रीत पिवळ्या होतात. आम्हाला धास्ती या दुसऱ्यांची. त्यांनी टाकलेल्या आम्लाने आजूबाजूची वीण सैल होते आणि त्यांना बाहेर पडायला वाट मिळते. बारीक भोकांचा पडदा मध्ये ठेवला तर पलीकडे आधी त्याच पोचतात. ज्याची भूक मोठी, तो घर आधी सोडतो.

हे सगळं मी एकदा जेवताना घरी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. दादाच्या गाठीचं निदान होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि वहिनी भाताची वाटी हातात धरून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी घरातला साखरेचा डबा शेजारी गेला. त्यापाठोपाठ जॅम गेला, बिस्किटं गेली, खोकल्याचं गोड औषधसुद्धा गेलं.

"वहिनी, असं नसतं गं," मी तिला सांगून दमले. "तोंडाने साखर बंद केली तरी शरीर स्वतः तयार करतं. गाठीला मिळायची ती मिळतेच."

"तूच म्हणालीस ना, ती साखर खाते?"

"खाते, पण..."

"मग तिला आपण हाताने का वाढायची?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अर्ध्या तासाचं होतं आणि वहिनीचा कांदा करपत होता. शिवाय मला कळत होतं, तिला काहीतरी करायचं होतं. नवऱ्याच्या पोटात काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, स्वयंपाकघर दिसत होतं. तिने ते डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. ज्याने आयुष्यभर गावाला केक खिलवले, तो घरी कडू चहा पिऊ लागला. कप तोंडाला लावताना माझ्याकडे असा बघायचा की मीच जणू त्याची फिर्याद नोंदवून घेणार होते.

दादाचं यकृत जुन्या काविळीने आधीच खराब झालेलं होतं. नुसती गाठ कापून भागण्यासारखं नव्हतं, सगळं यकृतच बदलायला हवं होतं. वहिनीचा रक्तगट जुळेना, माझा जुळला. यकृताचा तुकडा कापून दिला तरी देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, हे तर मीच सगळ्यांना समजावून सांगितलं.

"लहानपणी माझ्या वाटचा खाऊ खाल्लास, आता यकृतही खा," मी दादाला म्हणाले, आणि सगळे हसले. माझं हसू उसनं होतं. मी भित्री आहे. दाढ काढायची होती तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यातून परत पळाले होते आणि दादाने मला दंडाला धरून वर नेलं होतं. पण हे दादासाठी होतं. मी हो म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले.

अट एकच होती. गाठ यकृताच्या बाहेर कुठेही गेलेली नसली पाहिजे. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या गोळ्या घ्याव्या लागतात. अशा वेळी गाठीच्या मूठभर पेशी बाहेर कुठे दडून बसलेल्या असल्या, तर त्यांना मोकळं रान मिळतं. मग माझं कापलेलं फुकट, आणि दादा होता त्यापेक्षा लवकर जाणार. म्हणून ते स्कॅन.

या स्कॅनमध्ये खूण लावलेली साखर शिरेतून देतात, माणसाला स्वस्थ पडून राहायला सांगतात आणि मग सगळ्या अंगाचा फोटो काढतात. जिथे भूक जास्त तिथे काळा डाग. पण जायचं ते उपाशीपोटी. पोटात काही गोड गेलं की शरीर इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन त्या साखरेला हाताला धरून स्नायूंकडे आणि हृदयाकडे घेऊन जातं. गाठीच्या वाट्याला फारशी उरत नाही. गाठ असते आणि दिसत नाही.

स्कॅन झालं आणि सर्जनबाईंनी आम्हाला बोलावलं. बाई कमी बोलणाऱ्या. टेबलावर नेहमी एक सोललेलं संत्रं असायचं आणि ते खायला त्यांना कधीच वेळ मिळायचा नाही. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

"यकृताच्या बाहेर काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात घेऊ."

वहिनी रडायलाच लागली. दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्याकडे वळून भुवया उडवल्या, म्हणजे काय ठमे, आलीस की नाही कचाट्यात. मला लहानपणापासून तो ठमी म्हणतो. मीही हसले असते. पण मी पडद्याकडे बघत होते.

मेंदू काळा होता, मूत्राशय काळं होतं, ते सगळ्यांचंच असतं. पण दादाचं हृदयही काळं कुळकुळीत होतं. खांदे काळे, दंड काळे, मनगटापर्यंत दोन्ही हात काळे. मांड्यांवर सावली. आणि यकृतातली जी गाठ आम्हाला सगळ्यांना माहीत होती, जिच्यासाठी आम्ही तिथे बसलो होतो, ती जेमतेम एखाद्या पुसट डागासारखी दिसत होती. साखर सगळी स्नायूंनीच नेली होती.

मी ओळखलं. असले फोटो मी कामाच्या ठिकाणी बघितले होते. हा उपाशी माणसाचा फोटो नव्हता.

"डॉक्टर, हे हात..." मी म्हणाले.

"हो, स्नायूंत थोडी जास्त गेलीय. रिपोर्टमध्येही तसं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "बेकरी चालवतात ना? कष्टाचे हात आहेत. छातीचं साधं स्कॅनही स्वच्छ आहे."

तेही शक्य होतं. कणीक तिंबणाऱ्याचे हात साखर ओढणारच. आणि काही गाठी मुळातच संथ असतात, साखरेला फारशा भुलत नाहीत, त्या अशाच पुसट दिसतात. दादाची तशीच असेल. मी स्वतःला तेवढ्यावर समजावलं आणि गप्प बसले. रिक्षात वहिनी देवाचे, डॉक्टरांचे आणि माझे एका दमात आभार मानत होती. मी दादाला हळूच विचारलं, "स्कॅनच्या सकाळी काही खाल्लं नव्हतंस ना?"

"खातोय कुठला! पोटात कावळे ओरडत होते. तिथल्या मुलीनेही विचारलं, तिलाही नाही म्हणून सांगितलं. बोटातून रक्त काढून बघितलं तिने. थोडी जास्त आहे, पण चालेल म्हणाली."

दादा खोटं बोलत नाही. त्याला बोलताच येत नाही, कान लाल होतात. कान लाल नव्हते. मग मला बरं वाटायला हवं होतं. पण 'थोडी जास्त' हे दोन शब्द मी घरी पोचेपर्यंत घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बेकरीत गेले. भट्टीपुढे दादा उभा होता, डोक्याला रुमाल, हाताला कोपरापर्यंत पीठ. गाठीने त्याचं वजन उतरलं होतं, तरी कणकेला शेवटचा हात त्याचाच लागायचा. यंत्राला कणकेचा जीव कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मला बघून त्याने स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि पहिला ट्रे बाहेर ओढला. गोड बनचा घमघमाट सुटला. त्याने एका बनचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले, मान हलवली. मग दुसरा ट्रे काढला, तिथलाही कोपरा मोडला. मग बाजूच्या पातेल्यातल्या साखरेच्या पाकात बोट बुडवलं आणि चाटलं. जरा विचार केला आणि पुन्हा बुडवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"काय?"

"खातोयस ते."

"खातोय कुठे? चव घेतोय." त्याला माझ्या प्रश्नाचाच अचंबा वाटला. "चव घेतल्याशिवाय माल काउंटरवर जात नाही. बाबा होते तेव्हापासून."

"रोज घेतोस?"

"रोज."

"त्या दिवशीही? स्कॅनच्या?"

"भट्टी पेटवून आलोच होतो ना मी, मग घेतलीच असणार. का गं?"

तोंडाला येईल ते बोलायची माझी ख्याती आहे. त्या दिवशी ते तोंड मिटलं. "काही नाही. सहज," मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तो ट्रेकडे वळला.

घरी साखर बंद, म्हणून बेकरीतली चव वाढली होती. कोपरा मोडता मोडता अर्धा बन जात होता, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्यावर कणीक तिंबून तो स्कॅनला गेला होता, आणि तिथल्या मुलीला त्याने खरंच सांगितलं होतं की मी काही खाल्लेलं नाही. त्याच्या धंद्यात चव घेणं म्हणजे खाणं नव्हे. एवढ्या शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी त्याला दहा प्रश्न विचारले असतील, पण तुम्ही बेकरीवाले आहात तर मालाची चव घेतलीत का, हे कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर त्याच बेकरीच्या पोत्यांवर खेळून मोठी झाले.

आता इकडे आड, तिकडे विहीर. मी बोलले, तर स्कॅन पुन्हा होणार. पुन्हा झालं आणि काही निघालं, तर दादाचं ऑपरेशन रद्द, म्हणजे त्याची एकुलती एक आशा माझ्या तोंडाने गेली. नाही बोलले, आणि आत खरंच काही दडलेलं असलं, तर मी त्याला माझ्याच यकृतासकट खड्ड्यात ढकलणार. कदाचित काहीही नसेल, हेही होतंच. पण ते कळायचा मार्ग एकच होता आणि तो मी उघडायचा होता.

बोलायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. सांगते. देणारी मी होते. ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं असताना देणारीनेच म्हणायचं, थांबा, पुन्हा तपासा, मला शंका आहे? ऐकणाऱ्याला काय वाटेल? घाबरली, अंग काढून घेतेय. आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा, की ते पूर्ण खोटंही नव्हतं. स्कॅन पुन्हा करायचा विचार मनात आला की मला जरा सुटल्यासारखं वाटायचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. दादाच्या जिवाची काळजी आणि माझ्या कातडीची, दोन्ही एकाच दिशेला ओढत होत्या, आणि यातली कुठली मला ओढतेय ते मला कळेना.

प्रयोगशाळेत गेले तर कामात लक्ष लागेना. कपाट उघडलं. वरच्या फळीवरच्या बाटल्या गुलाबी, खालच्या फळीवरच्या पिवळ्याधमक. आदल्या दिवशीच मी त्यांचं पाणी बदललं होतं. मी एक पिवळी बाटली उजेडात धरली. दादाची गाठ वरच्या फळीवरची की खालच्या? फोटोत पुसट दिसते म्हणून वरची म्हणावी, तर फोटोच खोटा. वर्षानुवर्षं मी या पेशींना शांतपणे जेवू घालत आले होते. त्या दिवशी पाणी बदलताना थोडं ओट्यावर सांडलं.

ऑपरेशनआधी देणाऱ्याला एका समुपदेशक बाईंकडे एकट्याने बसवतात. कुणाचा दबाव नाही ना, ते बघायला. लहान खोली, दोन खुर्च्या, खिडकीत प्लॅस्टिकची फुलं. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "भीती वाटते का?"

"वाटते."

"देण्याची इच्छा आहे?"

"आहे."

"मधेच मन बदललं तर संकोच करू नका. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तपासणीत काहीतरी वैद्यकीय कारण निघालं. खरं काय ते या खोलीबाहेर जात नाही."

दार इतकं सताड उघडं होतं. न बोलता, कुणाच्या नजरेतून न उतरता मी सुटले असते. आणि दादा? त्याच्यासाठी दुसरा कुणी दाता शोधला गेला असता, कदाचित सापडलाही असता, आणि त्याच खोट्या फोटोच्या भरवशावर त्यालाही कापलं असतं. मी बाईंना म्हणाले, मन बदललेलं नाही. ते खरंच होतं. बाकीचं मात्र तिथेही बोलले नाही.

बाहेर वहिनी बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग. तिने पिशवीतून दोन गाऊन काढले. दोन्ही एकाच कापडाचे, निळ्यावर बारीक पांढरे ठिपके, पुढून उघडणारे. पोटावर टाके असले की डोक्यातून घालता येत नाहीत, हे तिने कुणाला तरी विचारून घेतलं होतं.

"एक त्यांना, एक तुला. शिवताना बटणं मुद्दाम मोठी लावली, सुजलेल्या हातांनीही लागतील," ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत गं."

मी गाऊन हातात घेतला. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना.

थोड्या वेळाने आम्ही तिघं सर्जनबाईंसमोर सह्या करायला बसलो. दादाने सही केली, त्याची सही केकवर नाव लिहावं तशी वळणदार. कागद माझ्याकडे सरकला. मी पेन उचललं. संत्र्याचा वास येत होता. मला वाटलं, कर सही आणि हो मोकळी, तुला कुणी विचारणार नाही, पुढे काही झालं तरी नशिबावर जाईल. तेवढ्यात दादा खोकला, आणि मी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, त्या सकाळी दादाने खाल्लं होतं."

दादाने नजर खाली वळवली. मग वहिनी म्हणाली, "काय बोलतेस? मी स्वतः लक्ष ठेवून होते."

"बेकरीत. गोड बन. आणि पाक. म्हणून ते हात काळे आहेत, हृदय काळं आहे. तो फोटो धरता येणार नाही. पुन्हा करायला हवा."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला अगं-तुगं करते. वन्सं म्हणते ती फक्त फार रागावली की.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला द्यायचं नसेल तर सरळ सांगा. असे फाटे फोडू नका."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सर्जनबाईंनी माझ्याकडे न बघता दादाला विचारलं, "खाल्लं होतं का?"

दादा खाली बघत म्हणाला, "खाल्लं नव्हतं. चव घेतली होती."

"किती?"

"पहिल्या ट्रेची. दुसऱ्या ट्रेची." तो थांबला. "मग पाकाची."

"जित्याची खोड..." वहिनीच्या तोंडून निघालं, आणि पुढची म्हण तिने दातांखाली दाबली. तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

सर्जनबाईंनी पडद्यावर तोच फोटो पुन्हा उघडला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "रिपोर्टमधली ती ओळ मी वाचली होती. कष्टाचे हात म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच विचारायला हवं होतं." त्यांनी सह्यांचे कागद उचलून बाजूला ठेवले. "पुन्हा करू."

या खेपेला दादाला आदल्या दिवशीच बेकरीला कुलूप लावायला सांगितलं. कणीक नाही, पोती उचलणं नाही, पायरीसुद्धा जपून. स्कॅनच्या जागी तो पांघरूण घेऊन मांडीवर हात ठेवून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. वहिनी त्याच्या शेजारी. मी समोरच्या रांगेत. पाण्याची बाटली मी तिच्यापुढे धरली, ती म्हणाली, "नको, वन्सं." दादाला आत नेलं तेव्हा त्याने दारातून मागे वळून आम्हा दोघींकडे बघितलं. माझा जीव टांगणीला लागला होता. काही निघू नये, म्हणून मी आठवेल त्या देवाला विनवत होते. मग वाटायचं, काहीच निघालं नाही तर सगळे म्हणतील, बघा, उगाच अडवलं. म्हणू देत. म्हणू देत बाबांनो, मी आनंदाने ऐकून घेईन, मला अख्खी कापा.

नव्या फोटोत हात स्वच्छ होते. हृदय स्वच्छ होतं. यकृतातली गाठ आता शाईचा थेंब सांडावा तशी काळी होती. आणि उजवीकडच्या एका बरगडीत तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. तो कुणी दाखवायच्या आधीच मला दिसला.

सुई घालून तिथला तुकडा तपासला. तेच निघालं. गाठ खालच्या फळीवरची होती आणि घर सोडून निघालेली होती. यकृत बदलण्यात आता अर्थ नव्हता. सर्जनबाई म्हणाल्या, गोळ्या आहेत, काही जणांना त्यांनी बराच काळ मिळतो, काहींना नाही. सुरू करू, मग पुन्हा स्कॅन करून बघू. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो नको होता.

ते दिवस कसे गेले ते सांगवत नाही. वहिनी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. गाऊन तिने घडी करून कपाटात वर ठेवले आणि दादाच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. माझ्या पोटाला साधा ओरखडा न येता मी सुटले होते. आंघोळ करताना त्या सपाट, धड पोटाकडे बघवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी बेकरीत गेले. भट्टी पेटलेली होती. दादा अजून बारीक झाला होता, गोळ्यांनी तळहात सोलवटले होते, म्हणून कणीक यंत्रावर होती आणि तो नुसता ट्रे बघत होता. वहिनी काउंटरपाशी पाव मांडत होती. तिने मला बघितलं आणि मांडत राहिली.

मी स्टुलावर बसले आणि जे घोळवत आले होते ते एकदाचं ओकून टाकलं. "दादा, मी तुझ्यासाठी बोलले की माझ्या पोटासाठी, तेच मला कळत नाही. मी घाबरले होते. फार घाबरले होते."

"माहितेय मला," तो म्हणाला. "दाढेच्या वेळी तुला जिन्यातून वर कोणी ओढून आणलं होतं?"

मला हसू आलं आणि रडूही.

"ठमे, त्या सकाळी तू इथे येऊन चवीचं विचारलंस, आणि वर म्हणालीस, सहज. तू जन्मात काही सहज विचारलेलं नाहीस. मला तेव्हाच कळलं, तो फोटो चुकलाय."

"तुला कळलं होतं? मग बोलला का नाहीस?"

पावांवरचा वहिनीचा हात थांबला होता.

"मला जगायचं होतं गं," दादा म्हणाला. "रोज उठायचो आणि ठरवायचो, आज सांगू. मग हिचा चेहरा बघायचो. वाटायचं, ठमी एवढी शिकलेली, ती गप्प आहे म्हणजे काही नसेल. तू सही केली असतीस ना, तर मी चढलो असतो त्या टेबलावर. तुझं अर्धं घेऊन." त्याचे कान लाल झाले होते, खोटं बोलताना होतात तसे, पण तो खोटं बोलत नव्हता. "तू पेन खाली ठेवलंस तेव्हा मला कसं सुटल्यासारखं झालं, ते तुला कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याच्याने ते झालं नसतं."

भट्टीतून वास यायला लागला होता, तो वळला आणि फडक्याने धरून पहिला ट्रे बाहेर ओढला. एका बनचा कोपरा मोडला. तोंडाकडे नेला, मग थांबला आणि हात माझ्यापुढे केला.

"चव घे."

"तू घे ना. आता कोण अडवतंय?"

"घेतली असती." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "या गोळ्यांनी जीभ मेलीय. गोड की खारट, काही कळत नाही. चार दिवस झाले, अंदाजाने माल पाठवतोय. साखर बरोबर आहे का तेवढं सांग. आणि खरं सांग."

मी तो कोपरा घेतला. गरम होता, बोट भाजलं. तोंडात घातला, डोळे मिटले. त्याला बरं वाटावं म्हणून बरोबर आहे म्हणावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं.

"जास्त आहे," मी म्हणाले.

"किती?"

"चिमूटभरच. पण जास्त आहे."

दादाने मान हलवली आणि पुढच्या घाण्याच्या साखरेतून चिमूटभर साखर काढून परत डब्यात टाकली. काउंटरवरून वहिनीचा आवाज आला, "अहो, तिला अख्खा द्या की, तुकडा काय देताय." आणि मग जरा थांबून, माझ्याकडे न बघताच, "उद्या लवकर ये तू. पहिला ट्रे थांबत नाही."

उद्या दादाचं पुढचं स्कॅन होतं, त्याला उपाशी जायचं होतं. मी येते म्हणाले.